अबोल्याचा बाक

सोनकोटच्या टांगा चौकातला सात नंबरचा बाक रोज पहाटे चार बोटं सरकत होता, आणि हे गावात कुणाच्या ध्यानात आलं नाही असा नगरपालिकेचा समज होता. येऊ नये अशीच तर सोय होती. ऋतुजा हणबर ही नगरपालिकेची नगररचनाकार. रोज येणाऱ्या माणसाला आपली जागा कालच्याच ठिकाणी वाटावी, पण वर्ष उलटेपर्यंत सगळा चौक सुधारलेला असावा, ही कल्पना तिचीच. माणसाला बदल आवडत नाही, बदललेलं मात्र आवडतं, असं ती सभेत सांगायची आणि नगरसेवक माना डोलवायचे.

टांगा चौकात शेवटचा टांगा कधी उभा राहिला हे सांगणारं आता कुणी उरलेलं नाही. बावीस वर्षांपूर्वी रस्ता रुंद झाला, कडेची दुकानं कापली गेली, आणि जी जागा निघाली तिला नाव जुनंच राहिलं. ऋतुजा नोकरीला लागली तेव्हा तिथे दुचाक्या लागत आणि उरलेल्या जागेत ऊन पडे. गावात दुसरी मोकळी जागा नाही, आणि आहे तिथे दोनचार म्हातारी माणसं सोडली तर कुणी पाच मिनिटं टेकत नाही, हे तिला पहिल्या दिवसापासून खुपत होतं.

मग 'मांड' आलं. नाव भारदस्त, यंत्र साधं. चौकातल्या फरशीखाली दाबपट्ट्या बसवलेल्या. पाय पडला की त्यांच्यात किंचित वीज उमटते, आणि वजन कुठून कुठे गेलं ते कळतं. दिव्याच्या चार खांबांवर उष्णता टिपणारे डोळे. त्यांना चेहरा दिसत नाही. दिसतो तो एक ऊबदार ठिपका, त्याचे खांदे कुणीकडे वळलेत आणि तो किती वेळ थांबला, एवढंच. बोलणारी माणसं खांदे एकमेकांकडे करतात, कंटाळलेली पाय रस्त्याकडे वळवतात, अवघडलेली अंतर राखतात. या सगळ्यातून मांड दर तासाला एक आकडा काढायचं, शून्य ते शंभरमधला, आणि चौकातल्या फलकावर दाखवायचं. चौकातलं माणूस किती स्वस्थ आहे हे सांगणारा म्हणून ऋतुजानं त्याला स्वस्थांक असं नाव दिलं होतं. चेहरे टिपायचे नाहीत, कुणाची ओळख साठवायची नाही, हा आग्रहही तिचाच. पाळत ठेवणारा चौक तिला नको होता.

चौकातले बाक, कुंड्या आणि सावलीच्या छत्र्या यांच्या पायांत विजेवर फिरणारी छोटी चाकं बसवली होती. पहाटे चौक रिकामा असताना मांड एखादा बाक चार बोटं सरकवून बघायचं. दिवसभरात अंक वाढला तर बाक तिथेच, उतरला तर दुसऱ्या पहाटे परत. कढीत मीठ चाखत चाखत घालावं तसा सगळा प्रकार. यात बुद्धी म्हणावी अशी काही नव्हती, चिकाटी मात्र भरपूर होती. दीड वर्षात अंक एक्केचाळीसवरून त्र्याऐंशीवर गेला. कॉलेजच्या मुली, भिशीच्या बायका, निवांत वर्तमानपत्र वाचणारे रिक्षावाले, सगळे चौकात बसू लागले. येत्या शुक्रवारी मुंबईहून समिती यायची होती. अंक ऐंशीच्या वर दिसला की हेच यंत्र आणखी चाळीस गावांत बसणार होतं.

घरी मात्र निराळंच चाललं होतं. ऋतुजाचे वडील, तात्या, वय शहात्तर, नगरपालिकेतूनच सर्व्हेअर म्हणून निवृत्त झालेले. आई गेल्यापासून घरात दोघंच. गेली वीस वर्षं पाचच्या ठोक्याला तात्या टोपी घालून चौकात जायचे आणि सहाला परत यायचे. आई गेली तेव्हासुद्धा चौदाव्या दिवशी ते चौकात होते. आता तीन आठवडे टोपी खुंटीवर होती.

"तात्या, आज तरी जाऊन या," रविवारी जेवताना ऋतुजा म्हणाली.

"गुडघा धरतोय."

"डॉक्टर म्हणाले गुडघा ठणठणीत आहे."

"त्यांचा असेल," तात्या म्हणाले आणि अर्धी भाकरी ताटात तशीच ठेवून उठले.

डॉक्टरांनी तिला बाजूला घेऊन आणखीही सांगितलं होतं. यांना बाहेर काढा, या वयात माणूस घरात बसला की बसतोच. ते खरं होतं हे तिला दिसत होतं. तात्या आता दुपारीही झोपून असायचे आणि दिवसातून दोनदा आज वार कोणता म्हणून विचारायचे. तिला भीती वाटत होती, आणि ती कुणाजवळ बोलायची हेही कळत नव्हतं.

सोमवारी दुपारी कचेरीत तिनं मांडच्या जुन्या नोंदी उघडल्या. वाटेत एखादी पायरी नडते का, कुठे ऊन लागतं का, एवढंच तिला बघायचं होतं. नाव नसलं तरी तात्यांचा ठिपका तिला लगेच ओळखू आला. पाच वाजून चार मिनिटांनी, पोस्टाच्या बाजूनं, जुन्या सवयीनं उजवा पाय जरासा ओढत. तो सात नंबरच्या बाकाच्या डाव्या टोकाला बसायचा. उजव्या टोकाला आणखी एक ठिपका आधीच येऊन बसलेला असायचा. मधे चार फूट जागा आणि दोघांचे खांदे विरुद्ध दिशांना. पाऊण तास हे असंच चालायचं, मग एक उठून जायचा आणि त्यानंतर दुसरा. रविवार नाही, सणवार नाही.

मांडच्या लेखी ही चौकातली सर्वांत अवघडलेली जोडी होती. शेरा अगदी स्वच्छ होता: परस्परांना टाळणाऱ्या व्यक्ती, दुसरी जागा नसल्यामुळे एकत्र. मग यंत्रानं आपलं काम केलं होतं. पश्चिमेच्या उन्हातला तो बाक चार महिन्यांत, चार चार बोटं करत, तीस फूट पलीकडे कारंज्यापाशी शिरीषाच्या सावलीत नेला होता. तिथे आता लेकुरवाळ्या बायका बसत. एकट्या त्या बाकानं अंक पाचनं वाढवला होता.

ऋतुजानं पुढच्या नोंदी एकेक करून पाहिल्या. बाक लांब गेल्यावर तो दुसरा ठिपका रोज पाचला यायचा, बाकाच्या जुन्या, रिकाम्या जागेवर दहा मिनिटं नुसता उभा राहायचा आणि निघून जायचा. तात्यांचा ठिपका पोस्टाच्या कोपऱ्यापर्यंत यायचा, थांबायचा आणि मागे फिरायचा. असं नऊ दिवस. दहाव्या दिवसापासून तात्यांचा ठिपका नव्हताच.

त्या संध्याकाळी ती सकीनाबीकडे गेली. सकीनाबीची केळ्यांची गाडी पंचवीस वर्षं त्या जागेसमोर लागते, बाक यायच्या आधीपासून.

"तुमचे तात्या व्हय?" सकीनाबी केळी मोजता मोजता म्हणाली. "आवं ताई, त्यांचं आन् त्या टोकाला बसणाऱ्या कोरेकाकांचं समदं बोलणं माझ्याकडनंच व्हायचं की."

"बोलायचे ते?"

"एकमेकांशी न्हाई. बावीस वर्सांचा अबोला हाय न्हवं का. कोरेकाका मला म्हणायचे, सकीना, साखर तपासली का विचार त्यांना. मी तोंड इकडं करून विचारायची. तात्या म्हणायचे, सांग, एकशे चाळीस आली. दोघांनाबी ऐकू जायचंच, पर माझ्याकडनं आल्याबिगर जवाब द्यायचा न्हाई." ती हसली. "तुमची आई गेली तवा कोरेकाकांनी पंधरा दिवस तुमच्याकडं केळी धाडली. नाव सांगायचं न्हाई असं बजावलं हुतं मला."

ऋतुजाला ती केळी आठवली. त्या दिवसांत घरात काहीच शिजत नव्हतं.

"पण मग बाक नसला म्हणून काय झालं? उभं राहून बोलायचं, तुमच्यामार्फत."

सकीनाबीनं तिच्याकडे जरा कीव केल्यासारखं पाहिलं. "न बोलणाऱ्या माणसाशेजारी बसता येतंय ताई. बाक हाय म्हून बसलो, असं म्हणता येतंय. शेजारी उभं कसं ऱ्हायचं? उभं ऱ्हायलं की बोलावंच लागतंय."

ऋतुजा पाच वर्षं नगररचना शिकली होती. बाकाची उंची, पाठीचा कोन, सावलीचे तास हे सगळं तिला पाठ होतं. हे मात्र तिला कुणी शिकवलं नव्हतं, आणि तिनं कुणाला विचारलंही नव्हतं.

"आन् ती जागा," सकीनाबीनं रिकाम्या फरशीकडे हात केला. "कोरेंच्या सायकल दुकानाचा पुढचा भाग हितंच हुता. रस्त्यात गेला. ते रोज येऊन आपल्या दुकानातच बसायचे की."

दुसऱ्या दिवशी ऋतुजानं दप्तरातून रुंदीकरणाचा जुना नकाशा काढायला लावला. अक्षर तात्यांचं, वळणदार आणि बारीक. कोरे सायकल मार्ट, मालक शिवलिंग कोरे, खोली चौदा फूट, बाधित नऊ फूट. मालकाच्या सहीच्या जागी लाल शाईत 'नकार' असं लिहिलेलं होतं. तो नकाशा घेऊन ती उन्हं असतानाच घरी आली. तात्या गॅलरीत शेंगा फोडत बसले होते.

"तात्या, शिवलिंग कोरे तुमचे कोण?"

तात्यांनी नकाशा ओळखला. हातातली शेंग त्यांनी सुपात ठेवली. "वर्गमित्र. चौथीपासूनचा."

"मग हे काय झालं?"

"रेषा बरोबर होती," तात्या म्हणाले, जणू बावीस वर्षं कुणी हेच विचारावं म्हणून ते थांबले होते. "रस्त्याचा मध्य काढायचा आणि दोन्हीकडे सारखं मापायचं. आदल्या दिवशी शिवा इथे आला होता. दोन फूट पलीकडे सरकव म्हणाला. तेवढ्यात त्याचं दुकान तगलं असतं. पण पलीकडे तीन घरं होती, त्यांचे दोन फूट गेले असते. मी नाही म्हणालो. मोजणीच्या वेळी टेपचं टोक मी नेहमी मालकाच्या हातात द्यायचो, म्हणजे कुणाला शंका नको. त्यालाही दिलं. त्यानं ते जमिनीवर टाकलं आणि आत निघून गेला. तेव्हापासून बोलला नाही."

"आणि तुम्ही त्याच्याशेजारी जाऊन बसायला लागलात?"

"दुकान बंद पडल्यावर तो त्या जागेवर येऊन बसायला लागला. एकटाच बसायचा, दगडावर. पुढे नगरपालिकेनं बाक टाकला. मग एक दिवस मीही जाऊन बसलो. तो उठून गेला नाही."

"बाक सरकतोय हे तुम्हाला कधी कळलं?"

"तिसऱ्या दिवशी. चार बोटं सरकली तरी सर्व्हेअरला कळायचं नाही होय?"

"मग मला का नाही सांगितलंत? मी त्याच दिवशी थांबवलं असतं."

"म्हणूनच नाही सांगितलं," तात्या म्हणाले. "मित्रासाठी दोन फूट सरकवले नाहीत. आता लेक साहेब झाली म्हणून स्वतःसाठी तीस फूट सरकवून घेऊ? शिवाला मग काय तोंड दाखवू?"

तिला रडू आलं आणि रागही आला, तात्यांचा आणि स्वतःचाही. हा माणूस न्यायाच्या पायी एकदा मित्र घालवून बसला होता आणि आता त्याच न्यायापायी स्वतःला घालवून बसणार होता. आणि त्याला घरात बसवलं होतं ते तिच्या यंत्रानं, ज्याच्या कौतुकाची कात्रणं त्यानं स्वतः वहीत चिकटवून ठेवली होती.

बुधवारी सकाळी तिनं मांडमध्ये बाक जुन्या जागी ठेवून अंदाज काढला. अंक अठ्ठ्याहत्तर येत होता. मग वाट काढता येते का म्हणून ती दुपारपर्यंत झगडली. यंत्राला माणूस किती आरामात बसलं ते कळत होतं, पण तेच माणूस रोज परत येतं का, हे कळत नव्हतं. ते शिकवायचं तर माणसाची ओळख साठवायला हवी, चाल तरी नोंदवायला हवी. तीच गोष्ट तिनं हट्टानं वगळली होती, आणि तो हट्ट तिला आजही बरोबर वाटत होता. म्हणजे वीस वर्षं रोज येणं मांडला कधीच दिसणार नव्हतं. ते कळायला एकच मार्ग उरत होता, कुणीतरी जाऊन विचारायचं. तिनं समितीच्या अहवालाला दोन पानं जोडली. पहिल्या पानावर यंत्रात राहिलेली चूक तिनं वडिलांच्या बाकाचा दाखला देऊन स्वतःच्या नावानं लिहिली. दुसऱ्यावर नियम सुचवला: कुठलीही बसायची जागा हातभर हलवण्याआधी नगरपालिकेच्या माणसानं आठवडाभर तिथे जाऊन बसावं आणि लोकांना विचारावं. शेवटी एक ओळ होती. सात नंबरचा बाक जुन्या जागी कायमचा बसवण्यात येत आहे.

मुख्याधिकारी टिळेकर साहेबांनी पानं दोनदा वाचली. "मॅडम, हे शुक्रवारनंतर करा ना. शनिवारी बसवा बाक. कोण विचारतंय?"

"साहेब, समिती शुक्रवारी जो आकडा बघून जाईल तो चुकीचा आहे, हे मला माहीत आहे."

"वडिलांसाठी चाळीस गावं घालवणार तुम्ही?"

हे तिला लागलं, कारण ते अर्धं खरं होतं. "वडिलांमुळे चूक कळली, साहेब. पण अशी माणसं चाळीसही गावांत असणार. तिथे त्यांची लेक नगररचनाकार असेलच असं नाही."

टिळेकर साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी पानं तिच्याकडे सरकवली. "सही तुमची. मी काही थांबवत नाही."

समितीचं पुढे काय झालं ते इथेच सांगून टाकलेलं बरं. प्रस्ताव सहा महिने लांबला, आणि चाळीसातल्या अकराच गावांनी, जाऊन विचारायच्या अटीसकट, मांड घेतलं. ऋतुजाची बढती हुकली. पण हे सगळं नंतरचं.

बुधवारी संध्याकाळी तिनं तात्यांना सांगितलं, की उद्या बाक जागेवर येतोय.

"माझ्यासाठी काही करायचं नाही," तात्या कडकपणे म्हणाले.

"तुमच्यासाठी नाही. माझी मोजणी चुकली आहे. चूक कळल्यावर फेरमोजणी करायची असते, हे मी कुणाकडून शिकले?"

तात्या उठून आत गेले. थोड्या वेळानं आतल्या खोलीत पत्र्याची पेटी ओढल्याचा आवाज आला.

गुरुवारी साडेचारला नगरपालिकेची दोन माणसं बाक उचलून घेऊन आली. पायांची चाकं काढली होती, फरशीत चार बोल्ट ठोकायचे होते. सकीनाबीनं गाडी थोडी मागे घेतली. ऋतुजानं यंत्रातली जुनी नोंद पाहून खडूनं खुणा केल्या, तेवढ्यात पोस्टाच्या कोपऱ्यावर टोपी दिसली. तात्या आले. हातात त्यांची चामड्याच्या डबीतली कापडी टेप होती.

"यंत्राचं राहू दे," ते म्हणाले. "मोजून ठोका. शटरच्या भिंतीपासून नऊ फुटांवर दुकानाचा उंबरा होता. बाकाची पुढची कड तिथे यायला हवी."

ऋतुजा टेपचं टोक धरायला पुढे झाली. तात्यांनी मान हलवली. "तू नको. टोक मालकानं धरायचं असतं."

कोऱ्यांचं दुकान म्हणजे आता पाच फुटांची एक बंद खोली आणि गंजलेलं शटर. तात्यांनी टेपचं टोक शटरसमोरच्या पायरीवर ठेवलं आणि डबी हातात धरून ते मागे मागे चालत नऊ फुटांवर येऊन उभे राहिले. टेप जमिनीवर लोळत पडली होती. बोल्टवाले ऋतुजाकडे बघायला लागले. तिनं त्यांना थांबा अशी खूण केली.

पाचला कोरेकाका आले. ऋतुजानं त्यांना आज पहिल्यांदाच नीट पाहिलं. उंच, वाकलेले, कपाळावर भस्माची पुसट रेघ. त्यांनी बाकाकडे पाहिलं, बोल्टांकडे पाहिलं, पायरीवर पडलेल्या टेपच्या टोकाकडे पाहिलं. तात्यांकडे त्यांनी पाहिलं नाही. तात्याही कारंज्याकडे तोंड करून उभे होते, डबी तशीच हातात धरून. बराच वेळ कुणी हललं नाही. चौकातल्या फलकावर पाचचा स्वस्थांक उमटला, अठ्ठ्याहत्तर, आणि तिकडे कुणी बघितलं नाही.

मग कोरेकाका शटरला धरून सावकाश खाली वाकले. त्यांनी टेपचं टोक उचललं आणि अंगठ्यानं भिंतीवर घट्ट दाबून धरलं.

"सकीना," ते म्हणाले, "टेप ढिली पडलीय. ताणून धर म्हणावं त्यांना."

सकीनाबीनं तोंड तात्यांकडे वळवलं. "तात्या, टेप ढिली पडलीय म्हणत्यात. ताणून धरा."

तात्यांनी टेप ताणली. नऊ फूट बरोबर भरले.